लंडन मॅरेथॉनचे विजेते : चारही रकाने वाचायचे की दोनच?

धावती_अनघा

लंडन मॅरेथॉनच्या विजेत्यांची यादी पहिल्याच ओळीला मजा आणते. २९ मार्च १९८१, पावसात झालेली पहिली शर्यत, आणि पुरुषांच्या रकान्यात एकाऐवजी दोन नावं: अमेरिकेचा डिक बिअर्ड्स्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमॉन्सन. दोघांनी एकमेकांचा हात धरून एकदमच रेषा ओलांडली. वेळ २:११:४८. आताच्या बक्षिसांच्या रकमा बघता असं कोणी परत करेल असं मला तरी वाटत नाही. याच बिअर्ड्स्लीला पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये अल्बर्टो सालाझारने दोन सेकंदांनी हरवलं.

बायकांत त्या वर्षी जॉइस स्मिथ. वय ४३, वेळ २:२९:५७. १९८२ ला परत तीच पहिली, आणि आदल्या वर्षीपेक्षा चौदा सेकंद आधी. आमच्या ग्रुपमधल्या चाळिशीच्या मंडळींना "आता काय वय राहिलं" म्हणायची मी बंदी घातली आहे ती हिच्या जोरावर.

पण धागा काढला तो तिसऱ्या-चौथ्या रकान्यासाठी. व्हीलचेअरची शर्यत लंडनला १९८३ पासून. पहिले विजेते गॉर्डन पेरी ३:२०:०७ आणि डेनिस स्मिथ ४:२९:०३. आता तसंच खाली उतरत या. २०२३ ला स्वित्झर्लंडचा मार्सेल हूग १:२३:४४. २०२५ ला त्याच देशाची कॅथरीन डेब्रुनर १:३४:१८. पळणाऱ्या पुरुषांचा आकडा १९८१ पासून २०२३ च्या केल्विन किप्टमपर्यंत (२:०१:२५) जेमतेम दहा मिनिटांनी उतरला. इथे जवळजवळ दोन तास, बायकांत तर त्याहून जास्त.

रविवारी इथे इंदूरला रीजनल पार्कला पळून झाल्यावर छप्पन दुकानवर पोहे खाताना यावरूनच जुंपली. एकाचं म्हणणं, हे दोन रकाने वेगळ्या पानावर हवेत, मॅरेथॉन म्हणजे पायांचं काम. तुम्हाला काय वाटतं?

रामबागेतला_रानडे

तो एक मीच, हे ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा नाव लपवायची गरज नव्हती अनघाताई.

माझा मुद्दा परत मांडतो. मला त्या लोकांबद्दल आदरच आहे. पण चाकं ती चाकं. १:२३ आणि २:०१ शेजारी-शेजारी छापले की वाचणाऱ्याला वाटतं हूग किप्टमपेक्षा "फास्ट". मग सायकलवाल्यांनाही एक रकाना द्या. दोन तासांची सुधारणा दंडांत झाली की वर्कशॉपमध्ये, हे आधी सांगा.

आकडेबहाद्दर

काका, आकडे घ्या. ४२.१९५ किलोमीटरला

पेरी १९८३ : ताशी साडेबारा किलोमीटरच्या थोडं वर
किप्टम २०२३ : ताशी २१ ला किंचित कमी
हूग २०२३ : ताशी ३०

१९८३ ला लंडनला पुरुषांत माइक ग्रॅटन २:०९:४३ मध्ये आला होता. म्हणजे पळणारा पोचून सत्तर मिनिटं झाली तरी पहिली चेअर यायची होती! तेव्हा कोणी म्हणालं असेल का की चाकं असल्यामुळे अन्याय होतोय?

आता गंमत बघा. बॉस्टनला त्याच्या तीन वर्षं आधी, १९८० मध्ये, कर्ट ब्रिंकमन चेअरवर १:५५:०० मध्ये आला होता. पळणाऱ्यांतला विजेता बिल रॉजर्स त्या दिवशी २:१२:११. चेअरने पळणाऱ्या विजेत्याला मागे टाकल्याची बॉस्टनमधली ती पहिली वेळ. म्हणजे १:५५ ची चेअर जगात होती, आणि तरी लंडनचा पहिला विजेता ३:२० ला. यंत्रच सगळं करत असेल तर हे कसं?

पोहे_जिरावण_शेव

१९८० बॉस्टन म्हटलं की लोकांना रोझी रुइझ आठवते. शेवटचा तुकडा पळून पहिली आली, गळ्यात हार पडला, आठवड्याने तो काढून कॅनडाच्या जॅकलिन गॅरोला दिला. ब्रिंकमनने त्याच दिवशी इतिहास घडवला आणि त्याचं नाव मी आज, या धाग्यावर, पहिल्यांदा वाचतोय. चोरीची बातमी कायम मोठीच होणार भिया.

रामबागेतला_रानडे

बॉस्टनचा रस्ता उताराचा आहे आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. म्हणूनच तिथल्या वेळा विश्वविक्रमात धरत नाहीत. उतारावर चाकांना काय, सोडलं की सुटलं. तुलना चालणार नाही.

आकडेबहाद्दर

उताराचा मुद्दा मान्य. पण उताराने ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटांचा फरक पडत नाही काका. बॉस्टनला चेअरवाले १९७५ पासून रीतसर उतरत होते. बॉब हॉल, लहानपणी पोलिओ झालेला. त्याने आयोजकांना विचारलं. विल क्लोनी म्हणाले, तीन तासांच्या आत आलास तर बाकीच्यांसारखं प्रमाणपत्र देतो. आला २:५८ मध्ये. पुढे हा हॉल स्वतःच रेसिंग चेअर बनवायच्या धंद्यात पडला. अट घातली ती एका अर्थी बरंच झालं म्हणायचं, लक्ष्य मिळालं. न्यूयॉर्कला मात्र याच हॉलला प्रवेशासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि तिथे चेअरचा अधिकृत विभाग सुरू व्हायला २००० साल उजाडलं.

चाकावरचा_माळवी

बरेच दिवस नुसता वाचक होतो. हा विषय माझा आहे म्हणून लिहितो. मी रेसिंग चेअर चालवतो. सेकंडहँड, दिल्लीहून आणलेली, सीट माझ्या मापाची नाही म्हणून फोम भरून बसतो. रानडेकाका, तुमचा राग नाही. पण सायकलशी तुलना केलीत म्हणून चेअर कशी असते ते सांगतो.

तीन चाकं. मागची दोन मोठी, वरून आत झुकलेली. पुढचं लहान, पार पुढे काढलेलं. गिअर नाही, चेन नाही, दांडे नाहीत, नियमाने चालतच नाहीत. (हाताने पेडल मारायची ती हँडसायकल. तिला गिअर असतात, तो प्रकारच वेगळा. टीव्हीवर लोक दोन्ही एकच समजतात.) मागच्या चाकाला बाहेरून एक लहान कडं असतं, पुशरिम. ते धरायचं नसतं. कडक ग्लव्ह घालून त्याला वरून खाली ठोसा मारत न्यायचं आणि सोडायचं. ताशी तीसला हे जमवायचं म्हणजे कडं हाताखालून सुसाट पळत असतं. त्याच्यापेक्षा हात हळू पडला तर तो ठोसा ब्रेकसारखा लागतो. शिकायला लागलो तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत सगळं सोलून निघायचं.

कडं जितकं लहान तितका वरचा वेग जास्त, पण उठाव जड. शर्यतीच्या मधे बदलता येत नाही. म्हणजे सायकलवाल्याचा एकच गिअर, तोही सगळ्यात जड, अख्ख्या मॅरेथॉनला. चढावर काय होत असेल ते ओळखा. मांड्या नाहीत कामाला, खांदे आणि दंड, बस. काहींना पोट-कमरेचे स्नायूही साथ देत नाहीत. तो टी५३ गट. ज्यांचं धड चालतं ते टी५४. मोठ्या मॅरेथॉनमध्ये दोघं एकत्रच सुटतात.

आता वर्कशॉपचं. खरंय, चेअर सुधारली. हूगची कार्बनची चेअर बनवण्यात साउबर ही फॉर्म्युला वनवाली कंपनी होती. पण स्वित्झर्लंडचेच एवढे विजेते का, हूग, डेब्रुनर, मनुएला शेअर, त्यांच्या आधीचा हाइंत्स फ्राय? तर नॉटविल गावात पाठीच्या कण्याच्या दुखापतींचं मोठं केंद्र आहे. तिथेच इस्पितळ, तिथेच ट्रॅक, तिथेच चेअर दुरुस्त करणारे. माणूस बरा होता होता खेळाडू होतो. आमच्याकडे एक पुशरिम वाकलं तर मी वेल्डिंगवाल्याला मोबाइलवर फोटो दाखवत बसतो.

धावती_अनघा

वा, यासाठीच धागा काढला होता. पावसात काय करता हो? ग्लव्ह घसरत नाही?

चाकावरचा_माळवी

घसरतो. लोक चिकट राळ लावतात ग्लव्हला, तरी घसरतो. ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, तोही ओला. मी पावसाळ्यात घरात रोलरवर, चेअर जागच्या जागी ठेवून, सराव करतो.

आकडेबहाद्दर

पावसाचा पुरावा आहे माझ्याकडे. बॉस्टन २०१७ : हूग १:१८:०४. बॉस्टन २०१८, थंडी, समोरचा वारा, धो-धो पाऊस : तोच हूग, तोच रस्ता, तीच पहिली जागा, १:४६:२६. अठ्ठावीस मिनिटांचा फरक. त्याच दिवशी पुरुषांत नोकरी सांभाळून पळणारा जपानचा युकी कावाउची २:१५:५८ ला जिंकला, बायकांत डेस लिंडेन २:३९:५४. पळणाऱ्यांनाही हवामानाने झोडपलं, पण अठ्ठावीस मिनिटांनी नाही. काका, उतारावर सोडलं की सुटणारं वाहन असतं तर असं झालं नसतं.

पोहे_जिरावण_शेव

हूगचा तो रस्ता चुकल्याचा किस्सा कोणीतरी सांगा ना, मला नीट आठवत नाही.

आकडेबहाद्दर

२०२१ बॉस्टन, ऑक्टोबरमध्ये झालेली. हूग एकटाच पुढे. शेवटाजवळ पुढची गाडी मार्गाबाहेर वळली आणि हा तिच्या मागे गेला. लक्षात आलं, वळून परत आला, तरी जिंकला. वेळ १:१८:११. त्याचाच विक्रम १:१८:०४ होता आणि विक्रम मोडला असता तर ५०,००० डॉलर जादा मिळणार होते. सात सेकंद!

तीन वर्षांनी त्याच शर्यतीत वळणावर जोरात कठड्याला आदळला, चेअर उलटली, सावरून निघाला आणि १:१५:३३ चा नवा विक्रम केला. पडून विक्रम. तिथला ताशी वेग ३३ च्या पुढे येतो.

माहेर_लोकमान्यनगर

मी लग्नानंतर लंडनजवळच राहते, बहुतेक वर्षी टॉवर ब्रिजपाशी उभी असते. एक गोष्ट टीव्हीवर कळत नाही : चेअरवाले सगळ्यांत आधी येतात. गर्दी अजून जमायची असते, लोक कॉफी घेऊन येत असतात, आणि लांबून घरघर ऐकू येते. मग चार-पाच जण एका ओळीत, पुढच्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून. वाऱ्याचा मार पुढचा खातो, मागचे दम राखतात, मग कोणीतरी पुढे येतो. रानडेकाकांनी हे एकदा बघावं. पळण्याच्या शर्यतीपेक्षा यात डोकं जास्त चालवतात असं माझ्या नवऱ्याचं मत, आणि तो स्वतः पळणारा आहे.

इथल्या लोकांसाठी ती चेअरची शर्यत म्हणजे डेव्हिड वेअर. २००२ मध्ये पहिल्यांदा जिंकला आणि २०१८ मध्ये आठव्यांदा. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये ८००, १५००, ५००० मीटर आणि मॅरेथॉन, चार सुवर्णं. आठशे मीटर आणि मॅरेथॉन एकाच आठवड्यात जिंकणारा पळणारा दाखवा मला! २०१८ चा तो लंडनचा दिवस आठवतो, २४ अंश, इथल्या मॅरेथॉनचा सगळ्यात गरम दिवस. आपल्याकडे २४ ला स्वेटर काढायचा की नाही असा विचार करतात, इथे लोक पटापट पडत होते.

बायकांत टॅनी ग्रे-थॉम्पसन. कार्डिफची, सहा वेळा लंडन जिंकली, पॅरालिंपिकची अकरा सुवर्णं, आता हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसते आणि रेल्वेत रॅम्प मिळाला नाही की जाहीर झापते.

आणि एक : २०२४ पासून लंडनने चेअरच्या विजेत्यांनाही पळणाऱ्यांइतकीच बक्षिसं दिली. पहिल्याला ५५,००० डॉलर, चारही रकान्यांत सारखे.

रामबागेतला_रानडे

सारखे पैसे हे मात्र मला पटत नाही, स्पष्ट लिहितो. पळणाऱ्यांत केनिया-इथिओपियाची शेकडो पोरं एका जागेसाठी भांडतात. चेअरमध्ये हूगच हूग. २०२१, २२, २३, २४, २५, लंडनला सलग पाच. स्पर्धा उथळ असेल तर बक्षीस खोल कशाला?

माहेर_लोकमान्यनगर

काका, इंग्रिड क्रिस्टियनसेनने लंडन चार वेळा जिंकलं ते १९८४ ते ८८ या पाच वर्षांत. तेव्हा बायकांचं पळणंही असंच विरळ होतं. "आधी खोली आणा मग पैसे देतो" म्हटलं असतं तर २००३ ला पॉला रॅडक्लिफची २:१५:२५ आली असती का?

चाकावरचा_माळवी

दोघांचंही अर्धं खरं आहे. शर्यत विरळ आहे हे नाकारून उपयोग नाही. चांगली चेअर लाखांत जाते, ती नसेल तर तुम्ही त्या विरळ गर्दीतही नाही. पैसे आले तर चेअर घेणारे वाढतील, की जे आहेत तेच श्रीमंत होतील, हे मला खरंच सांगता येत नाही. पण हूग सलग जिंकला म्हणून त्याचं बक्षीस कमी करायचं असेल तर पळणाऱ्या किपचोगेचंही करा. तोही चारदा जिंकलाय लंडन.

आकडेबहाद्दर

रॅडक्लिफचा विषय निघालाच आहे तर. तिच्या २:१५:२५ ला पुरुष पेसमेकर, म्हणजे ठरल्या वेगाने सोबत पळून वेग राखून देणारे, होते. म्हणून फक्त बायकांच्या शर्यतीतला विक्रम वेगळा मोजतात : २०१७ ला मेरी केइटानी २:१७:०१, २०२४ ला पेरेस जेपचिरचिर २:१६:१६, २०२५ ला टिगिस्ट असेफा २:१५:५०. तिन्ही लंडनलाच. म्हणजे पळण्यातही कोणाच्या आडोशाने, कोणत्या बुटांत, हे प्रश्न आहेतच. आताच्या कार्बन प्लेटच्या (तळव्यात कडक कार्बनची पट्टी असलेल्या) बुटांवर रानडेकाका काही बोलत नाहीत, कारण त्यांच्याकडे एक जोड आहे.

रामबागेतला_रानडे

मुलाने भेट दिलेत ते. विकत घेतले नाहीत.

शाळा_सुटली

मी क्रीडाशिक्षिका आहे. "वेगळ्या पानावर" वरून टाटियाना मॅकफॅडनचं सांगते. जन्म सेंट पीटर्सबर्गचा, स्पायना बिफिडा (जन्मतःच मणक्यातला दोष), सहा वर्षांची होईपर्यंत अनाथाश्रमात, चेअरच नाही, हातांवर चालायची. अमेरिकेतल्या बाईंनी दत्तक घेतलं. पुढे मेरीलँडच्या शाळेत तिला ट्रॅकवर उतरू दिलं, पण वेगळं, एकटीला. बाकीच्या मुली पळून झाल्यावर रिकाम्या ट्रॅकवर एक मुलगी फेऱ्या मारतेय, आणि म्हणे ही शर्यत. तिने आणि आईने खटला भरला. नुकसानभरपाई मागितली नाही, फक्त सगळ्यांबरोबर त्याच वेळी ट्रॅकवर असू द्या म्हणाल्या. जिंकल्या, आणि २००८ मध्ये त्या राज्यात तसा कायदाच झाला.

गुण वेगळे मोजा, वेळ वेगळी लिहा, कोणाची हरकत नव्हती. तिला ट्रॅक रिकामा नको होता. २०१३ मध्ये तिने बॉस्टन, लंडन, शिकागो, न्यूयॉर्क, चारही एकाच वर्षात जिंकल्या. बॉस्टन म्हणजे तीच, बॉम्बस्फोट झालेली, १५ एप्रिल. सहा दिवसांनी लंडनला होती.

माझ्या एका आधीच्या शाळेत वार्षिक खेळांत पायाला कॅलिपर असलेल्या मुलाला पाहुण्यांना गुच्छ द्यायचं काम असायचं. दरवर्षी. तो आता तिशीत असेल.

रामबागेतला_रानडे

शाळाताई, हे वाचून थांबलो थोडा. रिकाम्या ट्रॅकचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. यादी एका पानावर असू दे. पण वेळांची तुलना करू नका, हे माझं कायम. किप्टम किप्टमच्या रकान्यात, हूग हूगच्या. बिचारा किप्टम गेला २०२४ मध्ये, चोवीस वर्षांचा, त्याच्याशी आता कोणाचीच तुलना नको.

धावती_अनघा

२०२० ची ओळ बघितलीत का कोणी? कोविडमुळे ऑक्टोबरमध्ये, सेंट जेम्सेस पार्कभोवती जवळपास वीस फेऱ्या, प्रेक्षक नाहीत. किपचोगे आठव्या नंबरवर. शुरा कितातासमोर व्हिन्सेंट किपचुंबा एका सेकंदाने हरला. चेअरमध्येही ना हूग ना वेअर : कॅनडाचा ब्रेंट लकाटोस आणि नेदरलँड्सची निकिता डेन बुर. त्या वर्षी फक्त बायकांच्या पळण्यात अपेक्षित नाव आलं, ब्रिजिड कोसगेई.

पोहे_जिरावण_शेव

आपल्याकडचं काय? मुंबईत २०२३ ला हायले लेमी आला २:०७:३२ मध्ये, स्पर्धेचा विक्रम, आणि तो २०१६ चा बॉस्टन विजेता. म्हणजे मोठी नावं येतात. चेअरवाल्यांना पूर्ण अंतर का नाही?

चाकावरचा_माळवी

मुंबईत "चॅम्पियन्स विथ डिसॅबिलिटी" म्हणून वेगळी दौड असते, अंतर अगदी छोटं. माणसं खूप येतात, वातावरण छान असतं, पण ती शर्यत नव्हे. एका गावात मी पूर्ण अंतराला नाव द्यायला गेलो तर फॉर्म घेणारा म्हणाला, "सर, तुम्ही शेवटी स्टेजवर या ना, सत्कार ठेवलाय." सत्कार नको, रस्ता द्या म्हटलं. नाही दिला.

रस्त्याची अडचणही खरी आहे, नुसती मनाची नाही. स्पीडब्रेकरवर पुढचं चाक उडतं. रस्ता कडेला उतरता असला की एकाच हाताने जास्त मारून चेअर सरळ ठेवावी लागते, तासाभरात एक खांदा जातो. जाळीचं गटार आलं तर संपलंच. इंदूरला रस्ते झाडलेले असतात ही मोठी सोय, काचेचा तुकडा नाही. मी सुपर कॉरिडॉरवर पहाटे जातो. तिथे रुंदी आहे, लांब सरळ पट्टे आहेत. त्रास कुत्र्यांचा. चेअर इतकी खाली असते की त्यांना वाटतं आपल्यातलंच काहीतरी पळतंय.

रामबागेतला_रानडे

माळवी, या रविवारी मी येऊ का? कुत्री मी बघतो. पुढे स्कूटर ठेवतो, तुम्ही मागून या, वाराही लागणार नाही.

चाकावरचा_माळवी

या काका, पाच वाजता. पण स्कूटर नको, सायकल आणा. आमचं तोंड बरोबर सायलेन्सरच्या उंचीवर असतं. आणि ते कार्बनचे बूट घालून पेडल मारू नका, प्लेट मोडेल.